द्वारपालांची भिंतीकडची बाजू

प्रिय चिमे,

संग्रहालयातल्या तुझ्या नव्या दालनाच्या उद्घाटनाला मी तिसऱ्या रांगेत बसले होते. पहिल्या रांगेत माझी खुर्ची राखून ठेवलेली होती हे मला नंतर कळलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. खुर्चीवरची चिठ्ठी मी पाहिली होती. तिच्यावर नुसतं ‘ताई’ लिहिलं होतं. शेजारच्या खुर्चीवर ‘माननीय संचालक’, पलीकडे ‘माननीय प्रमुख पाहुणे’, आणि एकतीस वर्षं नोंदणी विभाग चालवलेली बाई नुसती ‘ताई’, म्हणजे कुणाची तरी बहीण. मी मागे जाऊन बसले. तू आता म्हणशील, ताईला गादीवरही खडा टोचतो. टोचतो. खडा असला की टोचतोच.

भाषण चांगलं झालं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मी मोकळी. साठी उलटली तरी तुझा आवाज तसाच आहे, आणि माझा ऐकून फोनवर लोक अजून ‘बरं साहेब’ म्हणतात. लोक हसायच्या जागी हसले, गप्प व्हायच्या जागी गप्प झाले. मला अठ्ठावन्नाव्या वर्षी एक गुच्छ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं; तुला मुदतवाढ दिली. घड्याळ रोज चार मिनिटं मागे पडतं. मुदतवाढ कशी काय चालली आहे?

तुझी लेबलंही वाचली. ‘भेटा, आपल्या शेजारच्या यक्षाला!’ उद्गारचिन्हासकट. मी लिहायचे, ‘यक्ष. वालुकाश्म. उजवा हात भग्न.’ वाचणाऱ्याला हवं ते कळायचं आणि यक्षाचीही इभ्रत राहायची. आता तिथे पोरंटोरं त्या यक्षाच्या ढेरीशी ढेरी लावून फोटो काढताना दिसली. दालनाचं नाव ‘उंबऱ्यावरचे देव’ छान आहे, हे कबूल करते. आभाराच्या यादीत मी ‘ज्येष्ठ भगिनी’ आहे, दिव्यांच्या ठेकेदाराच्या खाली, हे मात्र छान नाही. दिवे चांगले आहेत, पण इतकेही नाहीत.

मला नेमकं काय झोंबलं ते सांगते. ते सगळे देव माझे होते गं. तू नोकरीला लागलीस तेव्हा मोठ्या दालनात मोठे देव होते. त्यांना दोऱ्यांची कुंपणं, त्यांच्यावर वरून प्रकाश, त्यांच्यापुढे तू, आणि तुझ्यापुढे तोंड उघडं टाकून उभी असलेली माणसं. माझ्या वाट्याला जिने आणि बोळ. आग विझवायच्या बादल्यांशेजारी नाग. सायकलींच्या शेडमध्ये क्षेत्रपाल, त्याच्या त्रिशुळाला कुणीतरी छत्री अडकवलेली. डबे खायच्या खोलीच्या दाराआड झाडाची फांदी धरून उभी असलेली वृक्षदेवता. दार उघडलं की ती झाकली जायची, बंद केलं की दिसायची. रजिस्टरात त्यांचं शीर्षक ‘गौण देवता’. मी पहिल्या वर्षी ते बदलावं म्हणून अर्ज केला होता, तो अजून कुठेतरी विचाराधीन असेल. मला तेच आवडायचे. मोठा देव साऱ्या जगाचा. हे एका झाडाचे, एका तळ्याचे, एका दाराचे. बदली नाही, बढती नाही. मोठे देव क्षमा करतात, कारण त्यांना ती परवडते. हे रुसतात, मनात ठेवतात, नैवेद्य चुकला तर घरातल्या पोराला ताप आणतात. एवढं ओळखीचं वाटणारं मला त्या अख्ख्या इमारतीत दुसरं कुणी नव्हतं.

आणि तू व्यासपीठावरून दारावरच्या देवतेची गोष्ट सांगितलीस. ती गोष्ट माझी होती. बुद्धाच्या त्या श्रीमंत भक्ताची. त्याच्या वाड्याच्या चौथ्या दरवाज्यावर एक देवता मुलाबाळांसकट राहायची. बुद्ध घरी आले की वर बसून राहणं बरं दिसत नाही, म्हणून तिला दर वेळी पोरं आवरून खाली उतरावं लागायचं. ते गेले की परत वर. पुन्हा आले की पुन्हा खाली. शेवटी ती वैतागली आणि मालकाला म्हणाली, यांना घरी बोलावणं बंद कर. त्यानं तिलाच हाकलून दिलं, आणि ती पोराचं बोट धरून जागा शोधत हिंडली. ही गोष्ट मी तुला डब्याच्या खोलीत सांगितली होती, तुझ्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात, तू संचालकांकडून शाबासकी घेऊन आली होतीस त्या दिवशी. का सांगितली, ते तुला तेव्हा कळलं नव्हतं. मी नेहमी ती हिंडायला लागते तिथे थांबायचे. तू पुढे नेलीस, तिनं माफी मागितली, तिला तिची जागा परत मिळाली, आणि टाळ्या पडल्या. गोष्टीत तसंच आहे, मला माहीत आहे. तरी मला ते पटत नाही. माफी तिनं का मागायची? चढउतार तिच्या गुडघ्यांना झाली होती.

ही चढउतार आपल्यात शाळेपासून आहे. उंच सिस्टर आठवतात ना? प्रत्येक मुलीच्या उजव्या खांद्याशी तिचा राखणदार देवदूत असतो, असं त्यांनी सांगितलं आणि सगळा वर्ग बाकावर डावीकडे सरकला, देवदूतांना बसायला जागा व्हावी म्हणून. टोकाची मुलगी धपकन खाली पडली. घरी आपण दोघी एका पलंगावर. तू माझ्या उजव्या बाजूला झोपायचीस, पाय पसरून, आणि माझी खात्री होती की तू माझ्या देवदूताला रोज खाली ढकलतेस. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, “लहान आहे ती, तुझ्या देवदूताला म्हणावं जमिनीवर झोप.” तेव्हापासून तो जमिनीवरच आहे. शाळेच्या नाटकात तुला देवदूत केलं. मला पडद्याची दोरी दिली. तू आत आलीस की पडदा उघडायचा, गेलीस की लावायचा.

आणि मग तो पंख. प्रार्थनेच्या खोलीतल्या प्लास्टरच्या देवदूताचा पंख मी मोडला. झटकताना मोडला असं आपण म्हणत आलो, पण मी फडकं हातात घेऊन त्याला मुद्दाम मारलं होतं, दोनदा. तो तुझ्यासारखा दिसत होता. संध्याकाळी सिस्टरांनी सगळ्या वर्गांना बसवून विचारलं, “कुणी केलं?” मी बाकाला चिकटले. आणि तू, साडेसात वर्षांची तू, पहिल्या बाकावरून उठून उभी राहिलीस. “मी.” सिस्टरांनी तुला जवळ घेतलं. खरं बोलण्याबद्दल तुला सोनेरी कडेचं चित्र दिलं! खोटं बोललीस आणि खरेपणाचं बक्षीस घेऊन घरी आलीस. घरी आल्यावर माझ्या कानात म्हणालीस, “तुला मारलं असतं ना गं त्यांनी.” लोकांना वाटेल, केवढी माया. मी ते चित्र आठ दिवसांनी चुलीत घातलं. तू सगळीकडे शोधत होतीस आणि मीही तुझ्याबरोबर शोधत होते.

आता द्वारपालांकडे येते. तू जाणून होतीस की मी त्यांच्याकडे येणारच.

ते आले माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, दोन पेटाऱ्यांतून, माझ्या छातीइतके उंच. पेटाऱ्यांवर चिठ्ठ्या होत्या, एकावर ‘उजवा’, एकावर ‘डावा’. जिन्याच्या वळणावरच्या अरुंद दाराशी त्यांना उभं करायचं ठरलं, दोन बाजूंना दोन, भिंतींना लागून. मी दारासमोर उभी राहिले आणि सांगितलं, हा इकडे, तो तिकडे. माझ्या उजवीकडे उजवा. तुला पहिल्याच दिवशी रडेपर्यंत शिकवलेला नियम काय होता? उजवा म्हणजे मूर्तीचा उजवा, दाराचा उजवा म्हणजे आत बसलेल्या देवाचा उजवा. बघणाऱ्याला उजवं-डावं नसतं. मी तो नियम एवढा घोटून का घ्यायचे, हे तू कधी विचारलं नाहीस. तुझी ती एक खोड चांगली आहे, किंवा सगळ्यांत वाईट.

उलटे उभे केल्यामुळे दोघांनी दाराकडे पाठ फिरवली. एक इकडच्या भिंतीकडे बघतोय, एक तिकडच्या. दाराकडची त्यांची कूस खडबडीत, नक्षी नाही, काही नाही. मी रजिस्टरात लिहिलं, ‘शतकानुशतकं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या घर्षणाने ही बाजू झिजली आहे.’ आणि लेबलावर, माझ्या आयुष्यात एकदाच, एक वाक्य जास्त लिहिलं: ‘हे दोघे एकमेकांकडे पाहत नाहीत, कारण पहारेकऱ्याला सोबत परवडत नाही.’ ते वाक्य पुढे मार्गदर्शिकेत गेलं, शाळांच्या सहलींच्या वह्यांत गेलं, तूही लोकांना सांगायचीस. खाली माझं नाव कधीच नव्हतं, पण तू ते वाक्य म्हणताना मी जिन्यावर मुद्दाम रेंगाळायचे. तुझ्या तोंडून लोक माझं काहीतरी ऐकतायत, एवढं मला पुरायचं. जवळजवळ पुरायचं.

सुतारमामा तेव्हा जेमतेम पस्तिशीचे असतील. तरी सगळे त्यांना मामाच म्हणायचे. पेटारे त्यांनी उघडले होते. दोन दिवसांनी ते माझ्या टेबलाशी आले, हातात टोपी. म्हणाले, “बाई, ते दोघे उलटे लागलेत. एक दिवस द्या, फिरवून देतो.” मी विचारलं, कशावरून? ते म्हणाले, “दाराकडं टाकीचे घाव दिसतात. घासून झीज होते, घाव पडत नसतात. ती बाजू भिंतीत जायची होती, म्हणून घडवायची राहिली. कोरलेली बाजू आपण भिंतीला लावलीय.” मी अठ्ठावीस वर्षांची, कॉन्व्हेंटमधली, खात्यातली एकुलती एक बाई. मी म्हणाले, “मामा, तुम्ही लाकूड बघा. दगड आम्ही बघतो.” त्यांनी टोपी घातली आणि गेले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. फक्त निवृत्त होईपर्यंत दर शनिवारी लांब दांड्याचा ब्रश घेऊन त्या मूर्ती आणि भिंत यांच्यातल्या दोन बोटांच्या फटीत झाडायचे. मी वाटेल तेव्हा त्या जिन्यावर जायचे, पण शनिवारी नाही.

माझ्या शेवटच्या वर्षी जिन्याला रंग द्यायचा म्हणून द्वारपालांना वीतभर पुढे ओढलं. मामा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी विजेरी घेऊन फटीत डोकावले. एकाच्या कुशीला कमळांची वेल, आणि दुसऱ्याच्या गुडघ्याशी हातभर उंचीची एक बाई. चिमे, तू तिला आता काचेमागे उजेडात ठेवलं आहेस आणि तिच्यापुढे रांग लागते. मी तिला पाहिलं तेव्हा तिचं नाक भिंतीला होतं. कोण ती, यक्षी असेल, दाराची एखादी देवता असेल, ठाऊक नाही. पण तिच्या हाताला धरून एक पोर आहे, आणि दुसऱ्या हातानं तिनं द्वारपालाच्या शेल्याचं टोक पकडलंय. तिच्या अंगावर मामा निवृत्त झाल्यानंतरची पातळ धूळ तेवढी होती, जुना थर कुठेच नव्हता. मी विजेरी विझवली. मग रंगाऱ्यांना म्हणाले, झालं की होते तसेच परत लावा. त्यांनी लावले. मी सही केली. पाच महिन्यांनी गुच्छ घेऊन घरी आले.

म्हणजे आता तुला कळलं असेल की तू शोधून काढलंस ते मला माहीत होतं. लोक वर्तमानपत्रात तुझा फोटो दाखवून मला विचारतात, “पाहिलंत का बहिणीनं काय शोधलं?” तेव्हा मी हसते. चिमे, माझ्या पोटात जे होतं त्याला मत्सर हा फार सभ्य शब्द आहे. माझे देव, माझी गोष्ट, माझा जिना, आणि मी सात वर्षं दडवलेली बाई, ती पण तुलाच सापडायची होती. तू त्यांना बरोबर जागी लावलंस. दोघे आता दाराच्या दोन बाजूंनी एकमेकांकडे बघतात, मान जराशी कलती, मधून जाणाऱ्यावर दोघांनी मिळून काहीतरी विनोद केल्यासारखी. माझं वाक्य गेलं. लेबल काढल्याच्या खुणा पण तू पुसून घेतल्यास. तिसऱ्या रांगेत बसून मी त्या दोघांकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, सोबत परवडते म्हणायची तर.

आणि तेवढ्यात तू ते वाक्य बोललीस. “त्या काळी पेटारे उघडणाऱ्या सुतारांच्या घाईत ही जोडी उलटी लागली असावी.” लोक हसले. काचेच्या कपाटात जुनी रजिस्टरं मांडली आहेत, पहिला खंड, तिसरा, चौथा. दुसरा नाही. माझ्या अक्षरातला, ‘घर्षणाने झिजली’वाला. तो कुठे आहे हे मी विचारणार नाही. तुझ्या टेबलाच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात असेल, स्वेटरखाली. लहानपणी मी फोडलेल्या बशा तू तशाच लपवायचीस.

तिकीट खिडकीवरची बाई तेव्हा दाराशी उभी होती, गणवेशात, दालनाच्या दुसऱ्या टोकाला. ती मामांची मुलगी. तुला माहीत नव्हतं, मला माहीत आहे की तुला माहीत नव्हतं. ती पाच वर्षांपूर्वी लागली आणि बापाचं नाव कुणाला सांगत फिरली नाही. चहाच्या वेळी ती माझ्यापाशी आली. म्हणाली, “मॅडम, तुम्ही तेव्हा होतात ना. माझे वडील घाई करणारे नव्हते हो.” एवढंच. तक्रार नाही, आवाज चढवला नाही. आणि मी, जिची जीभ सगळ्या इमारतीला ठाऊक आहे, तिला म्हणाले, “खुर्च्या फार जवळजवळ मांडल्या आहेत.” ती “हो ना” म्हणाली आणि खिडकीकडे परत गेली.

दालनाचं पुस्तक सोमवारी छापायला जातंय, आणि सुतारांच्या घाईचं ते वाक्य त्यात बाराव्या पानावर आहे; तुझ्या मदतनीस मुलीनं मला कच्ची प्रत दाखवली, कौतुकानं. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलू दिलं नसतंस, ‘जाऊ दे गं ताई’ म्हणाली असतीस, आणि मी जाऊ दिलं असतं. ते वाक्य काढ. त्या जागी लिही की ही जोडी नोंदणी अधिकाऱ्याच्या चुकीनं छत्तीस वर्षं उलटी उभी होती, की सुतारानं ती चूक दोनच दिवसांत दाखवून दिली होती आणि त्याचं ऐकलं गेलं नाही, आणि भिंतीकडची बाजू स्वच्छ राहिली ती त्याच्यामुळे. त्याचं नाव पूर्ण लिही, मुलीला विचारून. आणि माझंही पूर्ण लिही, हुद्द्यासकट, ‘ताई’ नको. दुसरा खंड स्वेटरखालून काढ आणि त्या पानाशी उघडून काचेत ठेव. एकतीस वर्षांत त्या इमारतीत माझं नाव कुठे छापलं गेलं नाही. छापून येईल ते यासाठी येईल, तर येऊ दे. देव तू घे, गोष्ट घे, ती हातभर बाई घे, लोक तुझ्याकडेच बघणार आहेत. पण चूक माझी आहे, तिला तू हात लावायचा नाहीस. सोमवारी सकाळी दहाला मी येते. आधी तिकीट खिडकीवर जाईन, मग तुझ्या खोलीत. मी विचारेन, “कुणी केलं?” आणि चिमे, या वेळी बाकावरून मी उठणार आहे. तू बसून राहा.

तुझीच, आणि अजूनही तुझ्याहून पाच वर्षांनी मोठीच,
ताई

ता. क. सोनेरी कडेच्या चित्रात देवदूताच्या हातात दिवा होता, फूल नव्हतं. तू सगळ्यांना फूल सांगतेस. मी ते आठ दिवस रोज काढून पाहत होते.